कार्ड चालू आहे तोवर...

लेऑफ येणार हे ईमेलवरून कधीच कळत नाही. आधी पॅन्ट्रीतली क्रीमची बिस्किटं जातात आणि ग्लुकोजची येतात. मग ‘टीम लंच’ पुढच्या क्वार्टरवर ढकललं जातं. मग एका बुधवारी मॅनेजर, जो एरवी दोन दिवसांची रजा मंजूर करायला आठवडा लावतो, तो अचानक अगदी मायेने सांगतो, ‘‘जरा आपापले स्किल्स अपडेट करून ठेवा रे सिस्टीममध्ये.’’ संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर कटिंग घेताना कुणीतरी आकडा फोडतो. दहा टक्के! दुसरा म्हणतो पंधरा. तिसऱ्याच्या मित्राने तर म्हणे यादीच पाहिलीये...

ओळखीचं वाटतंय ना?

मी हिंजवडीत नोकरी करतो आणि गेले दोन महिने आमच्याकडे हेच चाललंय. तशी आयटीवाल्यांना ही गोष्ट नवी नाही. २००८ च्या मंदीत ‘पिंक स्लिप’ हा शब्द आपल्या सीनियर लोकांनी ऐकला होताच. पण जुलै २०२५ मध्ये टीसीएसने साधारण दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा ‘मोठ्या कंपनीत आहे, सेफ आहे’ हे समस्त आईबाबांचं लाडकं वाक्यही निकालात निघालं.

अशा वेळी आपण सगळे तीन गोष्टी करतो. रेझ्युमे झटकून काढतो. चार वर्षं न विचारलेल्या जुन्या बॉसला ‘हाय सर, लाँग टाइम’ असा मेसेज टाकतो. आणि रात्री एक वाजता कॅलक्युलेटर घेऊन फ्लॅटचे हप्ते मोजत बसतो. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. पण चौथी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. मोबाइलमध्ये कुठेतरी पडलेलं ते कंपनीच्या हेल्थ इन्शुरन्सचं ई-कार्ड!

पगार दिसतो, कार्ड दिसत नाही

पगार थांबला की त्या महिन्याच्या शेवटी कळतं. कार्ड थांबलं की कळतं ते थेट हॉस्पिटलच्या काउंटरवर. बहुतेक कंपन्यांत ग्रुप पॉलिसीतलं तुमचं नाव तुमच्या शेवटच्या दिवसापर्यंतच असतं. सेव्हरन्सचे म्हणून तीन महिन्यांचे पैसे हातात दिले, तरी कव्हरही तीन महिने चालेल असं नाही. पैसे वेगळे, पॉलिसी वेगळी.

माझ्या एका मित्राचा शेवटचा दिवस शुक्रवारी होता. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण अशा बऱ्याच आहेत. त्याला वाटलं, आता दोन आठवडे निवांत झोपू आणि मग बाकीचं बघू. मंगळवारी त्याच्या आईला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला आणि ऑपरेशन लगेच करावं लागलं. कॅशलेससाठी त्याने कार्डाचा नंबर दिला. दहा मिनिटांनी काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘सर, हे इनअॅक्टिव्ह दाखवतंय.’’ सेव्हरन्सचा बराचसा भाग तिथेच संपला. आई बरी आहे, पण तो अजून त्या बिलाचाच हिशेब सांगत असतो.

हे ऐकलं आणि मी माझं स्वतःचं कार्ड उघडून बघितलं. त्यावर मी, बायको आणि आई-बाबा. बाबा ६६ वर्षांचे. शुगर बारा वर्षांपासून, आणि २०२१ मध्ये एक स्टेन्ट बसलाय. आता विचार करा. ग्रुप पॉलिसीचं सगळ्यात मोठं सुख काय? बहुतेक ग्रुप पॉलिसींत जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतात. कुणी मेडिकल मागत नाही, कुणी फाइल मागत नाही. पण तीच माणसं बाजारात नवी पॉलिसी घ्यायला गेली की ‘प्री-एग्झिस्टिंग’ म्हणजे आधीपासूनच्या आजारांसाठी थांबावं लागतं. आयआरडीएआय म्हणजे विमा नियामकाने ही मुदत एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. चांगलंच झालं. पण स्टेन्ट बसवलेल्या माणसासाठी तीन वर्षं म्हणजे काही थोडा काळ नाही.

म्हणजे नोकरी माझी जाणार, आणि कव्हर बाबांचं! ते कळल्यावर माझ्या कामांचा क्रमच बदलला. रेझ्युमे दुसऱ्या नंबरवर गेला.

बाबांची फाइल

इथे एक नियम कामाला येतो आणि तो ऑफिसात दहातल्या एकालाही माहीत नसतो, हे मी आमच्याच टीममध्ये विचारून बघितलंय. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत जाण्याचा तुम्हाला हक्क आहे. याला ‘मायग्रेशन’ म्हणतात. तुमच्याबरोबर पॉलिसीत असलेल्या घरच्यांनाही तो लागू होतो. आणि यातली खरी मलई म्हणजे ग्रुपमध्ये घालवलेली वर्षं वेटिंगमध्ये धरली जातात. बाबा पाच वर्षं माझ्या ग्रुप पॉलिसीत आहेत. मायग्रेशन झालं तर त्यांच्या शुगरसाठी पुन्हा शून्यापासून तीन वर्षं मोजायची नाहीत. हे क्रेडिट जुन्या कव्हरच्या रकमेपुरतं असतं, म्हणजे कव्हर ५ लाखांवरून १० लाख केलं तर वरच्या ५ लाखांसाठी घड्याळ नव्याने सुरू.

यात दोन अटी आहेत, त्याही नीट ऐका. एक, आधी त्याच कंपनीत जायचं. दुसऱ्या कंपनीत उडी मारायची असेल तर ती ‘पोर्टेबिलिटी’, आणि ती त्यानंतरच्या रिन्युअलला. दोन, ग्रुपमधून वैयक्तिकमध्ये जाताना इन्शुरन्स कंपनी तब्येत तपासू शकते, जास्त प्रीमियम लावू शकते, अगदी नकारही देऊ शकते. अर्ज करण्याचा हक्क आहे, होकाराची गॅरंटी नाही.

म्हणून वेळ महत्त्वाचा. हाताशी महिना-दीड महिना असला तर तपासण्या, प्रश्नोत्तरं, पुन्हा कागद हे सगळं बसतं. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करताना बसत नाही. काही कंपन्या नोकरी सुटल्यानंतरही थोडे दिवस अर्ज घेतात म्हणे. घेतीलही. पण त्या भरवशावर बाबांचं हार्ट ठेवायची माझी तयारी नाही.

मी काय केलं? इन्शुरन्स कंपनीच्या हेल्पडेस्कला माझ्या पर्सनल आयडीवरून मेल टाकला. प्रश्न तीनच. ग्रुपमधून बाहेर पडलो तर कोणत्या प्लॅनमध्ये जाता येईल? अर्ज किती दिवस आधी हवा? कोणते कागद लागतील? चार दिवसांनी उत्तर आलं. मग एका रविवारी बाबांची फाइल घेऊन बसलो. डिस्चार्ज कार्ड, अँजिओप्लास्टीचे पेपर, शेवटचा एचबीए१सी, चालू गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन. बाबा जरा वैतागलेच.

‘‘मला काय झालंय? मी रोज तळजाईला चालायला जातो!’’

‘‘बाबा, तुम्ही ठणठणीत आहात म्हणूनच आत्ता करतोय. तुम्ही अॅडमिट असताना हे कोणी करून देत नाही.’’

आई मधेच म्हणाली, ‘‘अरे पण हप्ता किती येईल?’’ मी अंदाजे आकडा सांगितला. ती दोन मिनिटं गप्प. ‘‘एवढ्यात आमच्या दोघांचं वर्षाचं वाणसामान येतं रे.’’ खरंय. ग्रुपमधला हप्ता आणि सहासष्टाव्या वर्षी एकट्या माणसाचा हप्ता यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एक दिलासा म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीच्या प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. तेवढंच हातभार!

फाइल तयार आहे. यादी आलीच तर अर्ज त्याच दिवशी जाईल. आणि नकार आला तर? त्यासाठी आईच्या नावावर एक वेगळी एफडी सुरू केलीये. आम्ही तिला ‘बाबांचा डबा’ म्हणतो. तिला हात लावायचा नाही, कारच्या सर्व्हिसिंगसाठी तर नाहीच नाही.

‘सर, शुगर नका लिहू!’

चौकशी करताना एक एजंट भेटला. हसतमुख, टाय वगैरे. म्हणाला, ‘‘सर, फॉर्ममध्ये शुगर नका लिहू. प्रीमियम निम्मा होईल. पाच वर्षांनी कोण विचारतंय?’’

हा पाच वर्षांचा हिशेब कुठून आला ते सांगतो. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दडवली म्हणून इन्शुरन्स कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, असा नियम आहे. आधी ही मुदत आठ वर्षं होती, २०२४ मध्ये पाच झाली. पण त्याच नियमात पुढे लिहिलंय, सिद्ध झालेली फसवणूक सोडून! आणि बारा वर्षांची शुगर मुद्दाम गाळणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. शिवाय त्या पाच वर्षांच्या आत काही झालं तर? तुमचे रिपोर्ट हॉस्पिटलच्या फाइलमध्ये तारखेसकट बसलेले असतात. फॉर्मवर खरं लिहा. हप्ता जास्त बसू दे, पण क्लेमच्या दिवशी शांत झोप लागेल.

‘मी तर तिशीतच आहे’

आता तुमचं. तुम्ही म्हणाल, मला ना शुगर ना बीपी, मला काय घाई? उलट तुम्हालाच घाई आहे! नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडला तर काही मिळत नाही. हर्निया, मुतखडा, मोतीबिंदू अशा ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचं वेटिंग. मॅटर्निटीचं तर प्रत्येक पॉलिसीत वेगळं. कुठे नऊ महिने, कुठे थेट तीन-चार वर्षं.

हे घड्याळ पॉलिसी घेतल्या दिवशी सुरू होतं. मग ते नोकरीत असतानाच का नाही सुरू करायचं? आज स्वतःची छोटी पॉलिसी घ्या. सध्या काही झालं तर कंपनीचं कार्ड आहेच. तोवर तुमच्या पॉलिसीचे वेटिंगचे दिवस आपसूक उलटत राहतील. सहा महिन्यांनी यादी आली तर सहा महिने खिशात. आलीच नाही तर बोनस. मी माझी आणि बायकोची अशी फ्लोटर गेल्या महिन्यात घेतली. कागद हातात आल्यापासून ३० दिवसांचा ‘फ्री लूक’ मिळतो. त्यात बारीक अक्षरं वाचायची आणि पटलं नाही तर परत करायची. मी वाचली. दोन कप कॉफी लागली, पण वाचली.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली... आमच्यातले बरेच ‘स्मार्ट’ लोक सुपर टॉप-अप घेऊन निवांत आहेत. समजा कंपनीचं कव्हर ५ लाखांचं आणि तुमचा सुपर टॉप-अप १० लाखांचा, ५ लाखांच्या डिडक्टिबलवर. बिल आलं ९ लाखांचं. पहिले ५ लाख कंपनीच्या पॉलिसीतून, वरचे ४ टॉप-अपमधून. मस्त! आता नोकरी गेली. बिल तेच ९ लाख. टॉप-अप अजूनही ४ लाखच देणार. पहिले ५ लाख कोणाचे? तुमचे! टॉप-अप हा वरचा मजला आहे. खालचा मजला कंपनीने बांधलेला होता.

बुफे अजून उठलेला नाही

कंपनीचे बेनिफिट्स आपण जॉइन होताना एकदा स्लाइडवर बघतो आणि विसरतो. आता ती स्लाइड शोधा. फुकटचं वार्षिक हेल्थ चेकअप राहिलंय? उरकून घ्या. ओपीडी, दाताचं, चष्म्याचं काही कव्हर आहे? दोन वर्षं टाळलेली ती अक्कलदाढ आता काढाच. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं एखादं ऑपरेशन आहे? डॉक्टरांना विचारून तारीख अलीकडे घ्या. समुपदेशनाची हेल्पलाइन असेल तर तिचाही फोन फिरवा. या दिवसांत झोप उडते, छातीत धडधड होते, बायकोवर उगाच खेकसलं जातं. हे सगळ्यांचं होतंय. कंपनीने पैसे भरलेला काउन्सेलर आहे, तर बोलायला काय हरकत आहे?

ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी तर डिलिव्हरीची तारीख आणि पॉलिसीची तारीख एकाच कॅलेंडरवर लिहावी. नवीन पॉलिसी या डिलिव्हरीसाठी उपयोगाची नाही, वेटिंग आड येणार. आणि हो, मैत्रिणींनो, कायद्याने मिळणाऱ्या प्रसूती रजेवर असताना त्या रजेच्या काळात तुम्हाला कामावरून काढता येत नाही. कुणी गोड बोलून राजीनामा मागत असेल तर आधी हे आठवा.

घरातल्या आजी-आजोबांचं वय सत्तर किंवा जास्त असेल तर आणखी एक दार उघडं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर मिळतं. माझ्या आजीचं कार्ड आधारवरून निघालं. बाबांना अजून चार वर्षं आहेत, तेव्हा त्यांनी तोंड पाडलं. शिवाय महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली करायचा आणि कव्हर ५ लाखांवर न्यायचा निर्णय घेतला. तेव्हा रेशनकार्ड कुठे ठेवलंय ते आईला विचारा. योजनेतली हॉस्पिटलं आणि आजार ठरलेले असतात, त्यामुळे घराजवळचं कोणतं हॉस्पिटल यादीत आहे तेही आधीच बघून ठेवा.

सही करायच्या आधी

यादी आली की एक छोटी मीटिंग लागते. समोर एचआर, टेबलावर पाण्याची बाटली आणि एक कागद. ‘‘तुमच्याच प्रोफाइलसाठी चांगलं दिसेल, रिझाइन करा.’’ हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकू येतं, की त्याची रिंगटोन करावी.

राजीनामा आणि कंपनीने काढणं या कागदावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याच्या व्याख्येत जो ‘कामगार’ बसतो त्याला कपात झाल्यास महिन्याची नोटीस किंवा तिचे पैसे, आणि झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत अशा कामगारासाठी आणखी पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम ‘रीस्किलिंग’साठी त्याच्या खात्यात टाकायची तरतूद आहे. व्यवस्थापकीय पदावरच्यांना हे लागू होत नाही. तुम्ही कुठे बसता हे पदाच्या नावावरून नाही, रोजच्या कामावरून ठरतं. पण एकदा ‘स्वेच्छेने राजीनामा’ लिहिलं की हा वाद घालायची जागाच उरत नाही. होम लोनबरोबर ‘जॉब लॉस’ कव्हर घेतलं असेल तर तेही राजीनाम्यावर सहसा मिळत नाही. म्हणून त्या खोलीत एकच वाक्य पाठ करून जा. ‘‘मला वाचायला वेळ हवा, मेलवर पाठवा.’’

सही न करता उठलात म्हणून कोणी कडी लावत नाही.

पैशांबद्दल बोलताना लास्ट वर्किंग डेबद्दल आधी बोला, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅकेज सगळेच वाढवून मागतात. तुम्ही तारीख मागा. शेवटची तारीख एक महिना पुढे गेली तर कव्हर महिनाभर पुढे जातं, मायग्रेशनला वेळ मिळतो. आणि ती ग्रॅच्युइटीलाही उपयोगी पडते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागते. फिक्स्ड टर्मवाल्यांना नव्या संहितेत एका वर्षानंतरच ती मिळते. आमच्या टीममधल्या एकीची चार वर्षं आणि दहा महिने झालेत. तिच्यासाठी दोन महिने म्हणजे निव्वळ तारीख नाही, रोख रक्कम आहे. हिशेब सोपा आहे. बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा बेसिक ५०,००० आणि नोकरी सहा वर्षं सात महिने. सहा महिन्यांच्या वर गेलं की पुढचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे सात. होतात २,०१,९२३ रुपये. पुढची नोकरी शोधायला तीन-चार महिने निवांत!

उरलेला पगार कंपनीने काढल्यावर किंवा राजीनाम्यावर दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, असं नवी वेतन संहिता सांगते. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांत’ हे पाठ केलेलं उत्तर आलं तर हे नम्रपणे मेलवर लिहा. ग्रॅच्युइटीला ३० दिवस.

पीएफ म्हणजे एटीएम नव्हे

नोकरी गेली की पहिला मोह पीएफचा. थांबा जरा. खातं तसंच ठेवलं तरी त्यावर व्याज मिळत राहतं. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत रक्कम काढली तर त्यावर कर लागू शकतो. मात्र आधीच्या कंपनीतला पीएफ ट्रान्स्फर केलेला असेल तर ती वर्षंही मोजली जातात. तेव्हा जुनी खाती आत्ताच एका यूएएनखाली आणा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं, की बेकारीत ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी, पण सगळं खातं रिकामं करायला दोनऐवजी बारा महिने थांबावं लागावं. म्हणजे अगदी अडलं तर दार आहे. पण आधी डबा, मग एफडी, आणि सगळ्यात शेवटी पीएफ.

आणि कंपनीचा ग्रुप टर्म इन्शुरन्स आणि अपघात विमाही शेवटच्या दिवशी संपतो. तुमच्या पगारावर घर चालत असेल तर स्वतःचा टर्म प्लॅन नोकरीत असतानाच घ्या. फॉर्मवर ‘उत्पन्न’ नावाचा रकाना असतो. तो भरलेला असलेला बरा.

घरी कधी सांगायचं?

आमच्यातले निम्मे लोक अजून घरी काही बोललेले नाहीत. ‘उगाच टेन्शन कशाला?’ पण सांगितल्याशिवाय बाबांची फाइल मिळत नाही, रेशनकार्ड सापडत नाही आणि बायकोच्या ऑफिसची पॉलिसी काय म्हणते तेही कळत नाही. तिच्या कंपनीत नवऱ्याचं नाव आता घालता येतं का, हा प्रश्न मी लग्नानंतर पहिल्यांदा विचारला. येतं म्हणे! फक्त रिन्युअलच्या वेळी, किंवा नवऱ्याचं कव्हर गेलं तर कागद दाखवून. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा, तेव्हा तुमच्याही घरी विचारा. मी सांगितलं त्या रात्री बाबा एवढंच म्हणाले, ‘‘बरं झालं आधी बोललास. आम्ही काय पेपर वाचत नाही होय?’’

आमची यादी अजून आलेली नाही. टपरीवरचा आकडा मात्र आता वीस टक्क्यांवर गेलाय...

झटपट प्लॅन : चार शनिवार

पहिला शनिवार : ग्रुप पॉलिसीचं सर्टिफिकेट, मागच्या सगळ्या वर्षांचे पॉलिसीचे कागद आणि क्लेमची माहिती डाउनलोड करा. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, अपॉइंटमेंट लेटरही. फक्त स्वतःचे कागद बरं का, प्रोजेक्टची एकही फाइल नाही! इन्शुरन्स पोर्टलवर पर्सनल ईमेल आणि मोबाइल नंबर टाका, कारण ऑफिसचा लॉगिन दुपारी असतो आणि संध्याकाळी नसतो.

दुसरा शनिवार : इन्शुरन्स कंपनीला मायग्रेशनबद्दल मेल. आई-बाबांची मेडिकल फाइल. स्वतःची छोटी पॉलिसी. सुपर टॉप-अपचा डिडक्टिबल किती ते बघा.

तिसरा शनिवार : राहिलेलं चेकअप, दात, चष्मा. अडकलेले रीइम्बर्समेंट क्लेम बिलांसकट टाकून द्या. क्लेमलाही मुदत असते. सत्तरीच्या पुढच्यांचं आयुष्मान कार्ड.

चौथा शनिवार : यूएएनला आधार आणि बँक खातं जोडलंय ना, नॉमिनी लग्नाआधीचाच नाही ना, ते तपासा. ग्रॅच्युइटी, रजांचे पैसे, जॉइनिंग बोनस परत द्यावा लागेल का, ईसॉप्स असतील तर किती दिवसांत घ्यावे लागतात, हे सगळं एका पानावर लिहा. ते पान घरात आणखी एका माणसाला दाखवा.

आणि पाचव्या शनिवारी काय? सिंहगडावर जा. पिठलं-भाकरी खा. फाइल तयार आहे, कार्ड चालू आहे, आता यादीवाल्यांचं यादीवाले बघून घेतील.